फेलोशिप संपल्यावर काय?

चिपळूण तालुक्यातील सावर्डे येथे आज औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालय आहे, चित्रकलेचे आहे. ज्या कोकणात खोताच्या पडवीतही आमच्या आजोबांना पाय ठेवता येत नव्हता, तेथली आमची मुले आज पदवी घेऊन संशोधनाची भाषा बोलतात. 2005-06 पासूनची राजीव गांधी फेलोशिप आणि 2013 पासूनची बार्टीची फेलोशिप यांनी हा मार्ग रुंद केला, हे मान्यच केले पाहिजे. पण फेलोशिप पाच वर्षांची. नंतर तासिका तत्त्वावरची प्राध्यापकी, तीही मिळाली तर!

म्हणून आम्ही संशोधक मुलांना विचारतो, प्रबंधाव्यतिरिक्त तुमच्या हाती काय आहे?

बाबासाहेबांकडे पाहा. 1918 साली त्यांनी शेतीच्या तुकडेवारीवर शोधनिबंध लिहिला. 1923 साली रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ आला आणि त्याच अभ्यासाच्या बळावर 1925 साली ते चलनविषयक रॉयल कमिशनपुढे साक्षीला उभे राहिले. त्याच सुमारास बाटलीबॉय यांच्या संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवीत होते, कारण घर चालवायचे होते. आणि 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबई कायदेमंडळात त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. आकडे तपासणे, मसुदा करणे, प्रतिपक्षाला पटेल असे बोलणे ही अभ्यासिकेत कमावलेली कसबे शेवटी सावर्ड्यासारख्या गावांतील कुळांच्या कामी आली. (खोती कायद्याने गेली ती 1949 साली.)

उच्चवर्णीयांच्या घरात अर्ज कसा लिहावा, अंदाजपत्रक कसे मांडावे, हे जेवताना कानावर पडते. आमच्या मुलाला ते मुद्दाम शिकावे लागते. यूजीसीच्या 2022 च्या पीएच.डी. नियमावलीत प्रत्येक संशोधकाला अध्यापन आणि लेखनाचे प्रशिक्षण आवश्यक ठरवले आहे. आठवड्याला चार ते सहा तास अध्यापन वा संशोधन साहाय्याचे काम देण्याचीही तरतूद आहे. मार्गदर्शकाची पिशवी उचलणे त्यात येत नाही! विद्यार्थ्यांनी हे काम लेखी मागावे. आपल्या एका प्रकरणाचा दोन पानी मराठी गोषवारा करून तो वस्तीतील बुद्धविहारात वाचून दाखवावा. आईला कळला तर लेखन जमले.

मात्र 'कौशल्ये शिका' असे सांगत राखीव जागा रिकाम्या ठेवणाऱ्या सरकारला आम्ही सोडणार नाही. कौशल्य हे नोकरीच्या हक्काऐवजी दिलेले चॉकलेट नव्हे. बिंदुनामावली कशी वाचावी, हेही आमच्या संशोधकांनी याच पाच वर्षांत शिकून घ्यावे.