उंदराच्या पेशी बऱ्या झाल्या, तुमचं काय?

गेल्या आठवड्यात एक सत्तावीस वर्षांची पेशंट आली होती. पीसीओएस आहे, पाळी अनियमित. तीन महिन्यांपासून मेटफॉर्मिन स्वतःच बंद करून ती एक पावडर घेत होती, महिना अडीच हजार रुपयांची. "डॉक्टर, लॅबमध्ये सिद्ध झालंय," म्हणत तिने मोबाईल पुढे केला. जाहिरातीत खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: उंदराच्या बीजांडकोशातील प्रायमरी फायब्रोब्लास्ट पेशींवर चाचणी.

याचा अर्थ नीट समजून घ्या, कारण ही ओळ उद्या तुम्हालाही दाखवली जाईल.

उंदराच्या मादीचा बीजांडकोश काढून त्याचे बारीक तुकडे करतात. कोलॅजिनेज नावाच्या एन्झाइमने पेशी सुट्या करतात आणि ३७ अंश तापमानात प्लास्टिकच्या डिशमध्ये वाढवतात. थेट प्राण्यातून घेतलेल्या, म्हणून 'प्रायमरी'. काही वेळा विभाजन झालं की त्या थकतात किंवा बदलतात, त्यामुळे प्रयोग सुरुवातीच्या पिढ्यांतच उरकावा लागतो.

आता फायब्रोब्लास्ट करतात काय? कोलॅजन तयार करतात, म्हणजे अवयवाचा सांगाडा. स्त्रीबीज त्यांच्यात नसतं. पीसीओएसमध्ये वाढणारी पुरुषी हार्मोन्स मुख्यतः बीजांडकोशातल्या थीका पेशी बनवतात. त्या थीका पेशींना चेतवणारं एलएच मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं, इन्शुलिन स्वादुपिंडातून. डिशमध्ये ना पिट्युटरी, ना स्वादुपिंड. आतडं आणि यकृतही नाही, म्हणजे गिळलेल्या पावडरीतलं किती रक्तात पोचतं हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही. आणि उंदराच्या मादीला पाळी येतच नाही! तिचं बीजचक्र चार-पाच दिवसांचं असतं.

संशोधकांवर माझा राग नाही. बीजांडकोशात चट्टे का पडतात, एखादं रसायन पेशींना विषारी आहे का, हे तपासायला या पेशी उत्तम. थॅलिडोमाइड आठवतं? १९६१ मध्ये ते बाजारातून काढावं लागलं, कारण गरोदरपणी ते घेतलेल्या आयांची हजारो मुलं व्यंग घेऊन जन्मली. उंदरांच्या पिल्लांवर मात्र त्याचा तसा परिणाम सहसा दिसत नाही. अख्ख्या उंदराची ही कथा, मग त्याच्या मूठभर पेशींवर किती विसंबायचं?

राग आहे तो डिशमधून थेट तुमच्या पर्सपर्यंत उडी मारणाऱ्यांवर. मासिक पाळीचे विकार बरे करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. म्हणून हे लोक 'औषध' म्हणत नाहीत, 'सप्लिमेंट' म्हणतात. वर 'वैज्ञानिक' शिक्का मारतात. ही शुद्ध लबाडी आहे.

पुढच्या वेळी विक्रेत्याला एवढंच विचारा: किती स्त्रियांना दिलं, किती महिने, आणि ज्यांना दिलं नाही त्यांच्यापेक्षा पाळीत काय फरक पडला? 'उंदीर' किंवा 'पेशी' असं उत्तर आलं तर पैसे देऊ नका.

माझ्या पेशंटची उपाशीपोटी साखर ११८ आली. मेटफॉर्मिन पुन्हा सुरू केलंय, चालणंही. पावडरीचा अर्धा डबा अजून घरी आहे म्हणाली.