माळ्यावरची गाडी



दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून काय काय निघतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. आमच्याकडे यंदा गंजक्या चाळणीमागून एक खोका निघाला आणि त्यात माझ्या धाकट्या दिरांची रिमोटवर चालणारी लाल गाडी! १९९४ साली सासऱ्यांनी दुबईहून येणाऱ्या एका स्नेह्यांकडून ती मागवली होती. सासरे आता नाहीत, आणि भावजी कॅनडात. येत्या जानेवारीत ते मुलाला घेऊन सहा वर्षांनी येणार आहेत. त्यांच्यासमोर ही गाडी अंगणात पळवायची, असं आमच्या सातवीतल्या चिरंजीवांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

सासूबाईंना हे मुळीच पसंत नव्हतं. "उघडलीस तर पुन्हा होती तशी होईल का ग?" त्यांनी विचारलं. खरं सांगू? मलाही ठाऊक नव्हतं. मी बी. ए., तेही इतिहास घेऊन! शेवटी त्यांनी दोन अटी घातल्या. वरून काही बदललेलं दिसता कामा नये, आणि आतून जे काढाल ते फेकायचं नाही.

तुमच्याही माळ्यावर असं एखादं खेळणं पडलेलं असेल, म्हणून जरा तपशीलवार लिहिते.

आधी सेलचा कप्पा उघडून पाहा. आमच्या गाडीत कोणीतरी अल्कलाइन सेल तसेच ठेवले होते आणि पत्र्यांवर पांढरट हिरवा थर चढला होता. हा क्षार हाताला चरचरतो, तेव्हा हातमोजे घाला. कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन पुसलं की तो सुटतो. व्हिनेगर नसेल तर लिंबाचा रस चालतो. मग ओलसर फडक्याने पुसून दिवसभर वाळू द्यायचं. पुष्कळदा एवढ्यावरच खेळणं चालू होतं, आणि तसं झालं तर पुढचं काही वाचू नका! आमचं नशीब तेवढं चांगलं नव्हतं. क्षार आतल्या पाटीपर्यंत झिरपला होता.

या जुन्या गाड्यांत सगळा कारभार एकाच पाटीवर असतो. रिमोटचा संदेश तीच घेते, मोटर तीच फिरवते, पुढची चाकं तीच वळवते. पण मधलं काही तिला जमत नाही. कळ दाबली की पूर्ण वेग, सोडली की बंद. वळायचं तर पूर्ण डावीकडे, नाहीतर पूर्ण उजवीकडे. शिवाय आमची गाडी २७ मेगाहर्ट्झची. लहानपणी शेजारच्या मुलाने तशीच गाडी आणली, तेव्हा एकाच्या रिमोटवर दोघांच्या गाड्या नाचायच्या, असं हे सांगतात.

आता पाटीच्या जागी तीन निरनिराळ्या वस्तू येतात. पहिला रिसीव्हर, त्याच्या नव्या रिमोटसकट. हा २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे आपल्या घरातल्या वायफायच्याच पट्ट्यात. रिमोटशी त्याची एकदा जोडी जमवून दिली की तो दुसऱ्या कोणाचं ऐकत नाही. दुसरा स्पीड कंट्रोलर. जुनी पाटी म्हणजे दिव्याचं बटण, तर हा पंख्याचा रेग्युलेटर, असं समजा. मोटरला जितका पाहिजे तितकाच वेग देतो आणि रिसीव्हरलाही वीज पुरवतो. तिसरा सर्व्हो, काडेपेटीहून लहान, चाकं हवी तेवढीच वळवणारा. आम्ही हे पुण्याला तपकीर गल्लीतून आणलं. दुकानदाराला 'ब्रश्ड' मोटरचा कंट्रोलर असं स्पष्ट सांगा. ब्रशलेसचा निराळा असतो, तो इथे चालत नाही.

दुकानात मोठी मोटरही समोर ठेवली गेली. "ताई, दुप्पट पळेल!" मुलगा हरखला. मी मात्र तिला हात लावला नाही, आणि तुम्हीही लावू नका. आतली दातेरी चाकं प्लॅस्टिकची, तीस वर्षं जुनी. जास्त जोराची मोटर घातली की त्यांचे दात जातात, आणि तशी चाकं पुन्हा मिळणं कठीण. जुनी मोटर फिरत असेल तर तीच ठेवावी. तिच्यावरचे चिमुकले कपॅसिटरही काढू नयेत, ते ठिणग्यांचा खरखराट आवरतात.

सोल्डरिंग मी व्हिडिओ पाहून शिकले. ओट्यावर नव्हे हो, गॅलरीत, जुन्या पाटावर! कथलाच्या तारेत बहुधा शिसं असतं, तेव्हा नंतर साबणाने हात धुतल्याशिवाय कणकेला हात लावायचा नाही.

आणि एवढी काळजी घेऊन पहिला कंट्रोलर मी जाळलाच! बॅटरीची लाल तार काळीला आणि काळी लालला. एक बारीक धूर, एक वास, संपलं. मोटरच्या तारा उलट्या झाल्या तर गाडी फक्त मागे पळते, अदलाबदल केली की झालं. बॅटरीच्या तारांना मात्र क्षमा नाही. सासूबाई दारातच उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत, पण रात्री जेवणं मुकाट्याने झाली. दुसरा कंट्रोलर मी माझ्या पगारातून आणला.

सर्व्हो बसवणं हे सगळ्यात किचकट. जुनी वळणाची मोटर आणि तिची स्प्रिंग काढावी लागते, नाहीतर दोघांची ओढाताण होते. जोडकाडी आम्ही मोडक्या छत्रीच्या तारेची केली. एक युक्ती लक्षात ठेवा: आधी वीज देऊन सर्व्हो मध्यावर येऊ द्यावा, मगच त्याचा हात बसवावा. चाकं पूर्ण वळल्यावर तो घुं घुं करत राहिला, तर रिमोटवरून त्याचा पल्ला कमी करा. नाहीतर तापून जळेल.

बॅटरीसाठी मुलाला लिथियमच हवी होती. मी नाही म्हटलं. ती हलकी आणि जोरदार खरी, पण तिला तिचाच चार्जर लागतो, सूज आली की धोका, आणि चार्जिंगच्या वेळी माणूस समोर हवं. आमच्या घरी मुलं चार्जिंगला लावून झोपतात! त्यापेक्षा पेन्सिल सेलच्या मापाचे सहा निकेल-मेटल हायड्राइड सेल जुन्याच कप्प्यात बसले. प्रत्येकी १.२, मिळून ७.२ व्होल्ट. संपलेले सेल कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ते वेगळे द्यायचे असतात.

जुनी पाटी, स्प्रिंग, जुना रिमोट हे सगळं सासूबाईंनी मागून घेतलं. आता ते त्यांच्या कपाटात, सासऱ्यांच्या चष्म्याशेजारी, बिस्किटांच्या डब्यात आहे.

आधी रिमोट चालू करायचा, मग गाडी; बंद करताना उलट. हे मी मुलाला शिकवलं आणि त्याने आजीला. गेला आठवडाभर संध्याकाळी दिवा लावून झाला की सासूबाई सोप्यात गाडी चालवतात. भावजी यायच्या आत हात बसायला हवा म्हणे. काल तुळशीवृंदावनाला धडकवून मला म्हणाल्या, "अगं, मागे येताना ही अडते." अडत नाही, कळ एकदा मागे ओढली की ब्रेक लागतो; सोडून दुसऱ्यांदा ओढली की मागे येते. ते आता कागदावर लिहून रिमोटला चिकटवलं आहे, मोठ्या अक्षरांत.