भार दीडपट, उष्णता सव्वादोन पट

शेतकरी बंधूंनो, रब्बीत उपकेंद्राचं मोठं रोहित्र तापलं की आपण म्हणतो, 'तेल कमी असंल.' दरवेळी कारण तेवढंच नसतं. वेटोळ्यांचं थोडं चुंबकत्व गाभा सोडून बाहेर सांडतं आणि टाकीच्या लोखंडात, बोल्टांत भोवऱ्यासारखे प्रवाह फिरवतं. ही उष्णता विजेच्या प्रवाहाच्या वर्गानं वाढते. भार दीडपट झाला, तर ती सव्वादोन पट! आत वेटोळ्यांवर कागद असतो. ९८ अंशांच्या पुढं दर ६ अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं.

टाकीला आतून कवच लावणं कारखान्याचं काम. आपलं काम सोपं आहे: मोटारीला कॅपॅसिटर बसवा, ऑटो स्विच काढा. लाईट येताच साऱ्या मोटारी एकदम उठायला नकोत. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ग्रामसभेत हा विषय घ्यावाच. रोहित्र जळालं, तर पाणी कुणाच्याच पिकाला नाही.