बाटली नको, पट्टी बघा!

घरात नवी गाडी आली की जुनी कोणाच्या वाट्याला जाते? बहुतेक घरांत उत्तर एकच. नवी मोटारसायकल ‘ह्यां’ना किंवा मुलाला, आणि दहा-बारा वर्षं वापरलेली स्कूटर सुनेला, नाहीतर मुलीला क्लासला जायला. तक्रार म्हणून नाही सांगत. या जुन्या गाडीनंच तर आम्हा बायकांना पाय दिले. अंगणवाडीच्या ताई, शिवणकाम करणाऱ्या, डबे पोचवणाऱ्या, सगळ्यांचा दिवस तिच्यावर चालतो. म्हणूनच ती धूर मारायला लागली की पोटात गोळा येतो.

अशा वेळी गॅरेजमध्ये ठरलेलं वाक्य ऐकायला मिळतं, ‘‘वहिनी, ऑइलमध्ये ही एक बाटली टाकतो, इंजिन नव्यासारखं होईल.’’ बाटली दोन-तीनशे रुपयांची. इंजिन खोलायचे हजारो ऐकून छातीत धस्स झालेलं असतं, त्यामुळे आपण लगेच ‘टाका’ म्हणतो. मैत्रिणींनो, माझं स्पष्ट मत आहे, हे पैसे वाया जातात. आणि नुसते पैसेच जात नाहीत.

ऑइल म्हणजे नुसतं तेल नसतं, हे आपल्याला कुणी सांगतच नाही. चांगल्या इंजिन ऑइलमध्ये साधारण दहा ते पंचवीस टक्के भाग कंपनीनं आधीच मिसळलेल्या घटकांचा असतो. काजळी धुऊन काढणारा, ती ऑइलमध्येच तरंगत ठेवणारा, धातूची झीज रोखणारा, थंडीत आणि उन्हात दाटपणा सांभाळणारा, असे हे वेगवेगळे घटक. सगळं मोजूनमापून घातलेलं. आपण लोणचं घालतो तेव्हा मीठ, मोहरी, हिंग, तेल यांचं प्रमाण ठरलेलं असतं ना? मुरलेल्या बरणीत वरून कुणी मूठभर मीठ टाकलं तर लोणचं सुधारेल की बिघडेल? बाटलीचंही तसंच. म्हणून तर बऱ्याच कंपन्या गाडीच्या माहितीपुस्तकातच वेगळं काही घालू नका, असं सांगतात.

तुम्ही म्हणाल, मग इतकी जाहिरात कशी चालते? हा प्रश्न एकट्या आपल्याकडचा नाही. अमेरिकेत अशा बाटल्यांचा धंदा फार जुना. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेनं १९९६ मध्ये ‘स्लिक ५०’ या गाजलेल्या बाटलीच्या जाहिरातींवर आक्षेप घेतला. इंजिनाची झीज कमी होते, हा दावा सिद्ध करणारा पुरावाच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. १९९९ मध्ये ‘ड्युरा ल्यूब’वरही तशीच कारवाई झाली. तिथल्या ग्राहकांची ही गत, तर आपल्याला कोण पुरावा दाखवणार?

आता खरं तेही सांगायला हवं. दाट बाटली घातल्यावर काही दिवस धूर कमी होतो. काही बाटल्यांनी कडक झालेलं रबरी सील थोडं फुगतं आणि गळती मंदावते. पण झिजलेली पिस्टन रिंग बाटलीनं भरून येत नाही. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. दोष रिंगमध्ये किंवा व्हॉल्व्हच्या सीलमध्ये. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय; तिथे ऑइलची बाटली म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! आणि गिअरच्या मोटारसायकलचा क्लच बहुधा त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. बाटलीतल्या निसरड्या पदार्थानं तो घसरू शकतो, हे घरच्या पुरुषांनाही सांगा.

आमच्या बचत गटातली एक मैत्रीण स्कूटरवरून पापड-कुरडया पोचवते. वर्षभरात तिनं तीनदा बाटली घातली. धूर कमी दिसला की तिला वाटायचं, गाडी बरी झाली. ऑइल मात्र जळतच होतं आणि किती उरलंय हे कुणी पाहिलंच नाही. ऐन लग्नसराईत इंजिन जाम झालं. बाटलीचे पैसे गेले ते गेलेच, वर दुरुस्तीसाठी गटाकडून कर्ज काढावं लागलं. खरं दुखणं झाकलं गेलं, हे त्या बाटलीचं मोठं नुकसान.

मग करायचं काय? ऑइलच्या झाकणाला पट्टी असते, ती पंधरा दिवसांतून एकदा बघायची. गाडी सपाट जागी मेनस्टँडवर लावा, इंजिन थोडं चालवून बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा. पट्टी पुसून पुन्हा आत घाला आणि बाहेर काढून ऑइल दोन खुणांच्या मध्ये आहे का पाहा. पट्टी आत नुसती ठेवायची की फिरवून बसवायची, ते पुस्तकात दिलेलं असतं. ऑइल काळं झालं म्हणून घाबरू नका, ते काजळी धरतंय. पण दुधाळ कॉफीसारखं दिसलं तर आत पाणी गेलंय, लगेच दाखवा.

पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल, सीलबंद डबा आपल्यासमोर फोडून घालायला सांगा. शाळा-बाजार-घर अशा छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही आणि आत ओल साठते. म्हणून किलोमीटर झाले नसले तरी वर्षातून एकदा तरी ऑइल बदला. बऱ्याच स्कूटरना लिटरभरही लागत नाही. बाटलीचे पैसे त्यातच घाला.

आणि पुढच्या वेळी मेस्त्रींनी बाटली पुढे केली, तर शांतपणे विचारा, ‘‘दादा, धुराचं कारण काय? आधी ते सांगा.’’ गाडी जुनी असेल, पण ती आपली आहे. तिचं दुखणं काय, हे विचारायचा हक्कही आपलाच.