दातांच्या परीची उशी

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलांकडे जाणाऱ्या आजी-आजोबांना तेथील एका प्रथेची ओळख होते. दुधाचा दात पडला की मूल तो उशीखाली ठेवते. रात्री परी येते, दात नेते आणि नाणे ठेवून जाते. १९०८ साली शिकागोच्या एका दैनिकात या परीचा उल्लेख आढळतो. तेव्हा तिची भेट ५ सेंटची होती.

या दातासाठी चिमुकली उशी घरीच शिवता येते. सुती कापडाचे १५ सेंटिमीटरचे दोन चौकोन घ्यावेत. एकाच्या सुलट बाजूवर दातापुरता खिसा शिवावा. मग दोन्ही सुलट बाजू समोरासमोर ठेवून कडा शिवाव्यात; तीन बोटे जागा मोकळी सोडून, उशी उलटवून कापूस भरावा आणि ती जागा हाताने टाके घालून बंद करावी. रेशीम व पिसे आपण वर्ज्य मानावीत, कारण त्यांत जीवहिंसा आहे. मणी-बटणे बाळाच्या घशात अडकू शकतात. नक्षी दोऱ्यानेच भरावी.

सत्याणुव्रत पाळणाऱ्या घरात प्रश्न उठेल : ही गोष्ट म्हणजे असत्य नव्हे काय? गोष्ट ही गोष्ट म्हणूनच सांगावी. मात्र नातवंडाने मनापासून विचारले, “आजी, परी खरी असते का?” तर निःसंकोच सांगावे, “नाही रे बाळा, ही आपल्या घरातली गंमत आहे. उशी मात्र मी खरीच शिवली आहे.” मुलांचा विश्वास ही घराची मूळ ठेव आहे, ती मोडू नये.

दुधाचे दात २० असतात. प्रत्येक नाण्यातील थोडा वाटा जीवदयेसाठी काढण्याची सवय लागली, तर परकी प्रथाही आपल्या संस्कारात सामावेल.