शिफ्ट पायाखाली हवी

तहसील कचेरीतला टंकलेखक असो, न्यायालयातला लघुलेखक असो की डीटीपी ऑपरेटर, इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीवर मराठी टाइप करणाऱ्याच्या करंगळीला दिवसभर उसंत नसते. ‘आठवण’ हा साधा शब्द घ्या. आ, ठ आणि ण या तिन्ही अक्षरांना शिफ्ट लागते. एकटा ‘व’ तेवढा तिच्याविना उमटतो. ख, घ, छ, झ, थ, ध, फ, भ, श, ळ यांचीही तीच गत. इंग्रजीत शिफ्ट लागते ती मुख्यतः वाक्यारंभी आणि विशेषनामांना. मराठीत ती एकाच शब्दात दोनतीनदा दाबावी लागते, आणि हा भार येतो हाताच्या सर्वांत अशक्त बोटावर. टेबलाखाली दोन दणकट पाय मात्र रिकामे असतात.

शिलाई मशीनवर पाय चाक फिरवतो, म्हणून हात कापडाकडे लक्ष देऊ शकतात. संगणकावर ही विभागणी अशक्य नाही. यूएसबीने जोडलेले पायाचे पेडल संगणकाला कीबोर्डसारखेच दिसते. त्याला शिफ्ट नेमून दिली की विंडोजवर पायाने पेडल दाबायचे आणि बोटाने ‘क’. पडद्यावर ‘ख’ उमटतो. ध्वनिमुद्रण ऐकून मजकूर उतरवणारे लोक कितीतरी वर्षे असेच पेडल वापरतात: पायाने आवाज थांबवतात, मागे नेतात, पुन्हा सुरू करतात. हात कीबोर्डवरून हलत नाहीत.

माउसचे जनक डग्लस एंगेलबार्ट यांनीही हाताबाहेरचा विचार केला होता. त्यांच्या चमूने टेबलाखाली गुडघ्याने हलवायचे एक साधन बनवून माउसबरोबर तपासले. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नवख्या लोकांना गुडघ्याचे साधन माउसपेक्षा जलद जमलेले दिसते. सरावलेल्यांच्या हाती मात्र माउस पुढे गेला. पुढे जगाने माउस उचलला आणि पायांचा विचार मागे पडला.

पायाला सगळे जमेल, असे मी म्हणत नाही. सामान्यतः बारीक नेमकेपणात हात सरस. पण एखादी कळ दाबून धरणे आणि सोडणे, हे पायाचेच काम आहे. पेडल हलके हवे, टाच जमिनीवर टेकलेली हवी आणि पाय आलटून पालटून वापरता यायला हवेत. ज्यांना हातच नाहीत, त्यांचे पाय तर याहून कितीतरी पुढे जातात. पायाने धनुष्य पेलणाऱ्या शीतल देवीने २०२४च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये मिश्र सांघिक कांस्यपदक मिळवले.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. शासनाच्या संगणक टंकलेखन परीक्षेच्या नियमांत पायाचे पेडल निःसंदिग्ध शब्दांत मान्य असावे. दिव्यांग उमेदवाराला वाजवी सोय देणे हे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने घातलेले बंधन आहे. ती मेहेरबानी नव्हे. पण सवलत तिथेच थांबू नये. ज्यांची बोटे आज धडधाकट आहेत, त्यांनाही ती उद्या दुखू नयेत म्हणून पेडल मिळावे. कार्यालये खुर्ची आणि कीबोर्ड विकत घेतात, त्याच यादीत त्याची नोंद करावी. मराठीत राज्यकारभार चालवायचा, तर तो टाइप करणाऱ्या हातांची काळजी घेणे हा त्याच कारभाराचा भाग आहे.