वळवाचा वारा आणि अंगणांतील झाडें

वैशाख जवळ आला कीं वऱ्हाडांत दुपारनंतर आभाळ भरून येतें, धुळीचा लोट उठतो आणि पाठोपाठ वळवाचा मारा सुरू होतो. हा वारा समुद्रावरील चक्रीवादळाइतका टिकत नाहीं. परंतु घटकाभरांत तो काय करूं शकतो हें अकोला जिल्ह्यानें पाहिलें आहे. ९ एप्रिल २०२३ च्या रात्रीं बाळापूर तालुक्यांतील पारस येथें, बाबूजी महाराज संस्थानाच्या आवारांत, पत्र्याच्या शेडखालीं मंडळी जमली असतां एक जुना कडूनिंब शेडवर कोसळला आणि सात जणांचा अंत झाला.

निंब कांहीं नाजूक झाड नव्हे. मग तो पडतो कां? वाऱ्याशीं झुंजतें तें एकटें लांकूड नव्हे. पानांचा पसारा, मुळांचा आवांका आणि खालची जमीन यांचाही त्यांत वांटा असतो. चैत्रांत निंब नव्या पालवीनें भरलेला असतो व शिडाप्रमाणें वारा धरतो. मेळघाटांतला साग त्याच दिवसांत बहुधा निष्पर्ण असल्यामुळें वारा त्याच्या फांद्यांतून निघून जातो. आमची काळी जमीन उन्हानें भेगाळते आणि भिजली कीं मऊ पडते. त्यांत नळासाठीं चर खणतांना एका बाजूचीं मुळें तोडलेलीं असलीं, म्हणजे झाड केवळ संवयीनें उभें आहे असें समजावें.

चिंचेचें तसें नाहीं. मुळें खोल, लांकूड चिवट, फांद्या लवचिक. ती सहसा हार जात नाहीं. मादागास्करहून आलेला गुलमोहर शोभेला उत्तम. पण मुळें उथळ आणि फांद्या ठिसूळ! घराला लागून आम्ही तो कदापि लावूं देणार नाहीं.

कोंकणांत ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानें श्रीवर्धनकडील नारळी-पोफळी आडव्या केल्या. माडाच्या झांवळ्या गेल्या तरी तो जगतो. शेंड्याचा कोंब मोडला कीं मात्र संपला. उलट निंब-चिंचेला फांदी तुटली तरी पुन्हा धुमारे फुटतात. म्हणून कांहीं गृहस्थ निंबाचा शेंडाच उडवितात. हें अगदीं चूक आहे, कारण त्या जागीं फुटलेल्या फांद्यांची पकड कच्ची राहते व पुढील वादळांत त्याच प्रथम खालीं येतात. विरळणी करावी, मुंडण नव्हे.

बुंध्याशीं अळंबी, पोकळ आवाज किंवा एका बाजूची माती उचललेली दिसल्यास जाणत्यास बोलवावें. (भावाभावांच्या वांटणींत अंगणांतील झाड कोणाच्याच वांट्यास येत नाहीं, हें आम्ही जाणतों!) झाड खरोखरच धोक्याचें ठरलें, तर शहरांत १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वयें परवानगी लागते. तो अर्ज माघांतच करावा.